फळीखालची जागा

बास्केटबॉलमध्ये सुरुवातीला रिबाउंड, म्हणजे नेम चुकून परत आलेला चेंडू पकडणं, नव्हताच म्हटलं तरी चालेल. १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावी, वायएमसीएच्या प्रशिक्षण शाळेत, जेम्स नेस्मिथ यांनी व्यायामशाळेच्या सज्जाला पीचच्या दोन टोपल्या ठोकल्या. सज्जाचा कठडा जमिनीपासून दहा फुटांवर होता, म्हणून रिंग आजही दहा फुटांवर, म्हणजे ३.०५ मीटरवर आहे. पहिल्या सामन्यात दोन्हीकडे नऊ-नऊ खेळाडू होते, चेंडू फुटबॉलचा होता आणि अख्ख्या खेळात एकच बास्केट झालं. टोपलीमागे फळी नव्हती. नेम चुकला की चेंडू वर सज्जात जायचा आणि तिथे बसलेले प्रेक्षक आपापल्या बाजूला हातभार लावायचे. कुणी आत पडणारा चेंडू बाहेर ढकलायचा, कुणी बाहेर चाललेला आत घ्यायचा. हा चावटपणा थांबवण्यासाठी काही वर्षांतच टोपलीमागे आधी तारेची जाळी लागली आणि पुढे लाकडी फळी आली. लावली होती प्रेक्षकांना अडवायला, पण ती चेंडूलाही मैदानात परत पाठवू लागली. मग परत आलेला चेंडू कुणाचा, याचं एक नवंच भांडण सुरू झालं. त्या भांडणाच्या तालमीत माझ्या आयुष्याचा बराच काळ गेला आणि त्यातला बहुतेक मद्रासमध्ये.

मी मूळचा मिरजेचा. लहानपणी कबड्डी खेळलो, कॉलेजात बास्केटबॉलला लागलो आणि रेल्वेच्या नोकरीने मद्रासच्या पेरांबूर भागात आलो. तेव्हा शहराचं नाव मद्रासच होतं, चेन्नई झालं ते १९९६ साली. माझी उंची पाच फूट आठ इंच आणि नेम बेताचा. संघात टिकायचं तर इतरांना नको असलेलं काम पत्करणं भाग होतं, आणि ते काम फळीखाली होतं. शॉट मारणाऱ्याचं नाव होतं, पास देणाऱ्याचं थोडंफार होतं. चुकलेला चेंडू काढणाऱ्याच्या मात्र बरगड्यांत कोपरं बसतात. त्यामुळे या कामाला उमेदवार कमी असतात आणि माझ्यासारख्याची सोय होते.

हा खेळ मद्रासला कसा आला, हे मला नोकरीला लागल्यावर बऱ्याच दिवसांनी कळलं. नेस्मिथ यांच्या त्या पहिल्या सामन्यात खेळलेले डंकन पॅटन १८९४ मध्ये हा खेळ हिंदुस्थानात घेऊन आले, असं बास्केटबॉलच्या इतिहासात सांगतात. पण एका माणसाने चार ठिकाणी खेळून दाखवल्याने खेळ रुजत नाही. त्याला शिक्षक लागतात, आणि शिक्षक तयार करणारी जागा लागते. ती जागा मद्रासने दिली. हॅरी क्रो बक हे स्प्रिंगफील्डच्याच तालमीतले. ते १९१९ मध्ये इकडे आले आणि १९२० मध्ये त्यांनी मद्रासच्या एस्प्लनेडवरच्या वायएमसीएच्या इमारतीत शारीरिक शिक्षणाची शाळा सुरू केली. पुढे तिचं कॉलेज झालं आणि ते सैदापेटच्या बाजूला, आज ज्या भागाला नंदनम म्हणतात तिथल्या मोठ्या आवारात गेलं. आशियातलं शारीरिक शिक्षणाचं पहिलं कॉलेज म्हणून त्याचं नाव घेतलं जातं.

मराठी वाचकाला यात आणखी एक धागा सापडेल. १९२० सालीच दोराबजी टाटांच्या पुढाकाराने हिंदुस्थानचे खेळाडू अँटवर्पच्या ऑलिंपिकला गेले. त्यामागे पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धा होत्या आणि त्या संघात बेळगावकडचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले. म्हणजे एकाच वर्षी पुण्यात धावपटूंची निवड झाली आणि मद्रासमध्ये मास्तरांची शाळा निघाली. पुढे या दोन्ही वाटा एकत्र आल्या. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला गेलेल्या संघाचे व्यवस्थापक बकच होते. १९२७ मध्ये इंडियन ऑलिंपिक असोसिएशन स्थापन झाली, तेव्हा दोराबजी टाटा अध्यक्ष आणि वायएमसीएचे ए. जी. नोरेन सचिव झाले. मुंबई सरकारची कांदिवलीची शारीरिक शिक्षण संस्था निघाली १९३८ मध्ये. तोवर मद्रासचं काम सुरू होऊन अठरा वर्षं झाली होती. शाळेत 'पीटी'चा तास घ्यायला रीतसर शिकलेला माणूस हवा, ही कल्पना देशभर पसरवण्यात बक यांच्या विद्यार्थ्यांचा वाटा मोठा आहे. बक १९४३ साली वारले.

त्यांच्या हाताखाली शिकलेल्या मास्तरांनी खेळ नेला तो उघड्या मैदानांवर. स्प्रिंगफील्डला बर्फ पडतो, म्हणून नेस्मिथ यांनी छपराखाली खेळायचा खेळ काढला. मद्रासला बर्फाची भीती नव्हती आणि छपराला पैसे नव्हते. तेव्हा हा बंदिस्त खेळ इथे ताड आणि कडुनिंबाच्या सावलीत, चोपलेल्या मातीवर उभा राहिला. यात कमीपणा काही नाही. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉल पहिल्यांदा अधिकृतपणे खेळला गेला, तोही उघड्यावर, मातीच्या टेनिस कोर्टांवर. अंतिम सामन्यात पाऊस आला आणि चिखलात अमेरिकेने कॅनडाला १९–८ असं हरवलं. चिखलात चेंडू टप्पा घेईना, त्यामुळे ड्रिबलिंग बंदच पडलं. नेस्मिथ स्वतः त्या ऑलिंपिकला हजर होते.

मातीवर आणि उघड्यावर खेळण्याचा रिबाउंडवर काय परिणाम होतो, ते छपराखाली खेळलेल्याला सांगून समजत नाही. मद्रासच्या खाऱ्या हवेत रिंगचे बोल्ट गंजतात. बोल्ट ढिले झाले की रिंग चेंडूचा जोर खाते आणि चेंडू तिथल्या तिथे टपकतो. बोल्ट नव्याने आवळले की तोच चेंडू पार फ्री-थ्रोच्या रेषेपर्यंत उडतो. ऑक्टोबरपासून इथे ईशान्य मोसमी पाऊस येतो. लाकडी फळी पाणी पिऊन फुगते आणि तिच्यावरून चेंडू मेल्यासारखा परततो. दुपारनंतर समुद्राकडून वारा सुटतो आणि उंच मारलेला शॉट हातभर सरकवतो. म्हणून दुसऱ्या संघाच्या मैदानावर गेलो की आम्ही आधी शॉट मारून बघत नसू. एकजण फळीवर चार ठिकाणी चेंडू आपटायचा आणि बाकीचे कान देऊन ऐकायचे. भरीव आवाज आला की चेंडू लांब येणार आणि बद्द आवाज आला की जवळ पडणार.

आमचे प्रशिक्षक सैदापेटला शिकलेले. इकडे व्यायामाच्या शिक्षकाला 'मास्टर' म्हणतात, तसे आम्हीही म्हणायचो. सराव सकाळी सहाच्या आत सुरू व्हायचा, कारण आठनंतर मद्रासचं ऊन उभं राहू देत नाही. आणि सरावाची सुरुवात चेंडूशिवाय व्हायची. दोघांनी एकमेकांसमोर उभं राहायचं. मास्टरांनी टाळी वाजवली की आतल्याने, म्हणजे रिंगकडच्याने, एक पाय समोरच्याच्या दोन पायांमध्ये टाकायचा, त्यावर गिरकी घ्यायची आणि पाठ त्याच्या छातीला लावायची. गुडघे वाकलेले, बूड खाली, कोपरं खांद्याच्या पातळीला, पंजे उघडे. हात मागे नेऊन धरलं तर फाउल, पाठीने ढकललं तरी फाउल. फक्त आपण घेतलेली जागा सोडायची नाही. मिरज स्टेशनवर गाडी लागताना दाराजवळ पाय रोवून उभा राहणारा प्रवासी ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे वेगळं शिकवायला लागत नाही. मला तर कबड्डीची सवय होती. कंबर खाली ठेवण्याचं शिक्षण आयतंच झालेलं होतं.

मग चेंडू यायचा, पण तोही जमिनीवर. मैदानाच्या मधल्या वर्तुळाची त्रिज्या १.८० मीटर असते. त्याच्या मध्यभागी चेंडू ठेवायचा. बचाव करणाऱ्याने आत, हल्ला करणाऱ्याने रेषेबाहेर उभं राहायचं. शिट्टी झाली की बाहेरच्याने चेंडूला हात लावायचा प्रयत्न करायचा आणि आतल्याने पाच सेकंद त्याला पाठीवर झुलवत ठेवायचं. पाच सेकंद म्हणजे काही फार नव्हेत, पण नव्वद किलोचा माणूस पाठीवर असला की ती सरत नाहीत. या कसरतीत उडी अजिबात नाही, आणि तेच तिचं मर्म. चेंडू रिंगवर असताना उंच उडणारे पुष्कळ असतात. पण उडायच्या आधी कोण कुठे उभा आहे, यावर निम्मा निकाल लागलेला असतो. चेंडू शूटरच्या हातून सुटला की आपली पहिली नजर चेंडूकडे जाते. ती माणसाकडे वळवायला शिकणं, हाच या सरावाचा सगळ्यात अवघड भाग. आम्ही वर बघत राहिलो की मास्टर ओरडायचे, आणि चेंडू खरोखर खाली येऊ लागला की त्यांचं "पिडी डा!" मैदानभर घुमायचं. पकड रे! दोन्ही हातांनी पकडायचा, दोन्ही पायांवर उतरायचं, चेंडू हनुवटीखाली घ्यायचा, कोपरं बाहेर ठेवायची पण फिरवायची नाहीत, आणि बाजूच्या रेषेकडे उभ्या असलेल्या गार्डकडे पास टाकायचा. एवढं झालं की तो रिबाउंड पूर्ण.

उडीचा सराव शेवटी. फळीच्या एका बाजूने चेंडू वर आपटायचा आणि दोन ढांगांत दुसऱ्या बाजूला जाऊन तो हवेतच धरायचा. किंवा रिंगच्या बाजूला उभं राहून चेंडू खाली येऊ न देता बोटांनी फळीवर टिपत राहायचा. कोपऱ्यातून मारलेला शॉट चुकला तर बहुतेक वेळा तो पलीकडच्या कोपऱ्याकडे जातो आणि लांबून मारलेला लांब उडतो. हे दोन नियम मास्टरांनी आम्हांला पाढ्यासारखे घोकून घ्यायला लावले होते.

या सगळ्या कसरती आभाळातून पडल्या नाहीत. त्यांच्यामागे नियमांचा इतिहास आहे. अमेरिकेत १९३७ पर्यंत प्रत्येक बास्केट झालं की चेंडू मध्यवर्तुळात नेऊन दोघांमध्ये उडवत. ज्याच्याकडे सगळ्यात उंच सेंटर, त्याच्याकडे पुन्हा पुन्हा चेंडू. ती पद्धत गेली, खेळ सलग झाला आणि चेंडू मिळवण्याचा मुख्य मार्ग फळीखालून जाऊ लागला. मग उंच माणसं फळीखालीच मुक्काम ठोकू लागली. त्यांना हटवण्यासाठी रिंगसमोरचा पट्टा रुंद केला गेला. एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगने जॉर्ज मायकन या अवाढव्य सेंटरपायी तो १९५१ मध्ये ६ फुटांवरून १२ फुटांवर नेला. आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे फिबाने, १९५६ मध्ये पट्ट्याला खाली पसरट आकार दिला. आमची अख्खी पिढी त्या तिरक्या रेषांवर खेळली. १९८४ मध्ये फिबाने ६.२५ मीटरवर तीन गुणांची रेषा आखली. लोक लांबून मारू लागले, चेंडू लांब उडू लागला आणि रिबाउंड एकट्या उंच माणसाचा राहिला नाही, गार्डलाही घ्यावा लागला. २०१० मध्ये ही रेषा ६.७५ मीटरवर गेली आणि पट्टा पुन्हा सरळ आयताकृती झाला. प्रत्येक बदलाबरोबर मास्टरांच्या जागा ठरवून देणाऱ्या खडूच्या खुणा मैदानावर इकडच्या तिकडे सरकल्या. पाय रोवण्याचा धडा मात्र तसाच राहिला.

शिक्षक सैदापेटने दिले, तर खेळाडूंच्या पोटापाण्याची सोय शहरातल्या नोकऱ्यांनी केली. हा मद्रासच्या बास्केटबॉलचा दुसरा खांब. पेरांबूरची इंटिग्रल कोच फॅक्टरी १९५५ मध्ये सुरू झाली. रेल्वेचे डबे बांधणाऱ्या या कारखान्याने खेळाडूंनाही कामावर घेतलं. दक्षिण रेल्वे, इंडियन ओव्हरसीज बँक, पोलीस अशांचे संघ उभे राहिले. खेळाच्या जोरावर नोकरी लागते म्हटल्यावर आईबाप मुलाला पहाटे मैदानावर धाडू लागले. मुंबईची तऱ्हा वेगळी होती. तिथे अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी १९२० च्या दशकात नागपाड्याला नेबरहूड हाउस उभारलं आणि बास्केटबॉल त्या मोहल्ल्याच्या रक्तात भिनला. १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळवणारे आणि भारताचे कर्णधार झालेले अब्बास मुन्तसिर त्याच नागपाड्याचे. नागपाड्यात खेळाला मोहल्ल्याने वाढवलं, मद्रासमध्ये कॉलेजने आणि पगाराने. टिकाऊपणात पगार पुढे, असं माझं मत आहे, कारण पगार मिळत असला की खेळाडू तिशीपर्यंत मैदानावर दिसतो, आणि फळीखालचं शहाणपण यायला तेवढी वर्षं लागतातच.

याचा पुरावा बघायचा तर बायकांच्या संघाकडे बघावं. अनिता पॉलदुराई चेन्नईची, दक्षिण रेल्वेची. भारताची कर्णधार झाली आणि २०२१ मध्ये पद्मश्री झाली. गीतू अ‍ॅना जोस केरळातल्या कोट्टयमची, पण नोकरी दक्षिण रेल्वेत. सव्वासहा फुटांच्या आसपास उंची आणि फळीखाली पक्का ठिय्या. ती ऑस्ट्रेलियात व्यावसायिक संघाकडून खेळली. २०११ मध्ये अमेरिकेतल्या बायकांच्या व्यावसायिक लीगच्या तीन संघांनी तिला चाचणीसाठी बोलावलं. २०१४ मध्ये तिला अर्जुन मिळाला. २००९ च्या सप्टेंबरात बायकांची आशियाई स्पर्धा चेन्नईच्या जवाहरलाल नेहरू इनडोअर स्टेडियममध्ये झाली. चीनने अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला हरवलं. तिथे लाकडी जमीन होती, काचेची फळी होती, थंड हवा होती. समोरच्या चिनी सेंटर आपल्या मुलींपेक्षा हातभर उंच. पण शॉट सुटताच पाठ लावायला वळणारी मुलगी दिसली की मी शेजारच्याला कोपराने ढोसून दाखवायचो: ही बाहेर, मातीवर शिकलेली.

उंचीचा बाऊ करणाऱ्यांसाठी एक उदाहरण पुरे. एनबीएमध्ये डेनिस रॉडमन १९९२ ते १९९८ सलग सात मोसम रिबाउंडमध्ये पहिला होता. उंची सहा फूट सात इंच, म्हणजे त्या लीगमध्ये फळीखालच्या माणसाला कमीच. तो संघातल्या प्रत्येकाचा शॉट कसा फिरतो, चुकला तर कुठे पडतो, हे बघत बसायचा. आमचे मास्टर तेच कानाने करायला शिकवत होते.

हे आकडे आपल्याला ठाऊक आहेत, कारण तिकडे ते लिहून ठेवलेले आहेत. एनबीएने १९५०–५१ च्या मोसमापासून रिबाउंड मोजायला सुरुवात केली. म्हणून विल्ट चेंबरलेनने २४ नोव्हेंबर १९६० ला एका सामन्यात ५५ रिबाउंड घेतले, हे आज शाळकरी मुलगाही सांगतो. आपल्याकडे सामन्याला जो अधिकृत स्कोअरशीट असतो, त्यात गुण असतात, फाउल असतात, टाइम-आउट असतात. रिबाउंडचा रकाना त्यात नाही. वेगळी सांख्यिकी ठेवायची तर वेगळी माणसं बसवावी लागतात, आणि ती बसतात मोठ्या स्पर्धांत. जिल्ह्याच्या, कॉलेजांच्या, कारखान्यांच्या सामन्यांत कोण बसवणार? परिणाम असा की मद्रासमध्ये शंभर वर्षं हा खेळ चालला, शेकडो माणसांनी फळीखाली हाडं झिजवली, पण कुणी किती चेंडू काढले याचा हिशेब कुठेच नाही. पेरांबूरला माझ्याआधी खेळलेल्या एका सेंटरबद्दल जुने लोक अजून बोलतात. त्याचे गुण कात्रणांत सापडतात. रिबाउंड मात्र केवळ बोलणाऱ्यांच्या आठवणीत आहेत आणि तेही दर वर्षी वाढत जातात.

नोंद नसल्याचा तोटा फक्त इतिहासाला होत नाही. निवड समिती समोरच्या कागदावर गुण बघते. ज्याने बारा गुण केले तो निवडला जातो. ज्याने पंधरा चेंडू काढून त्या बारा गुणांची संधी दिली, तो घरी जातो. मग पुढच्या वर्षी तोही फळी सोडून बाहेर उभा राहतो आणि शॉट मारू लागतो. लहान गावांतल्या मुलांचे संघ मी अजून बघतो, महाराष्ट्रातलेही आणि तमिळनाडूतलेही. सगळ्यांना तीन गुणांच्या रेषेवर उभं राहायचं असतं. चेंडू चुकतो, खाली पडतो, एक टप्पा घेतो, आणि मग पाचही जण तिकडे धावतात.

म्हणून शाळा-कॉलेजांतल्या क्रीडाशिक्षकांना माझं एवढंच सांगणं आहे. स्पर्धा तालुक्याची असो की आंतरवर्गीय, बाकावर बसलेल्या एखाद्या मुलाला एक वही द्या. त्यात प्रत्येक खेळाडूपुढे दोन रकाने आखायला सांगा: आपल्या रिंगखाली काढलेले चेंडू आणि समोरच्यांच्या रिंगखाली काढलेले चेंडू. चेंडू हातात आला की एक रेघ. सामना संपला की गुणांच्या बरोबरीने ते आकडेही सूचना फलकावर लावा, आणि बक्षीस समारंभात सर्वाधिक रिबाउंड घेणाऱ्याला एक बक्षीस द्या. खर्च वहीचा आणि पेन्सिलीचा. दोन मोसमांत फळीखाली गर्दी झाली नाही, तर वही बंद करा.